मूर्ती लहान, मग ‘पण’ कशाला?

मराठीत ठेंगण्या माणसानं कुठंही नाव काढलं की एक म्हण हजरच असते : मूर्ती लहान पण कीर्ती महान. शाळेतल्या भाषणात, सत्काराच्या सूत्रसंचालनात, पेपरातल्या मथळ्यात आणि आता फोनच्या स्टेटसवर. दर १५ जानेवारीला तर ती माझ्या फोनवर ठरल्यासारखी येते. तो खाशाबा दादासाहेब जाधवांचा जन्मदिवस. आता तो राज्याचा क्रीडा दिनही आहे. पोस्टमध्ये खाशाबांचा फोटो, खाली उंची, मग ‘पण’, आणि मग ऑलिंपिकचं पदक.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावात १९२६ साली जन्मलेला हा मल्ल १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला ४४ वर्षं लागली, ते १९९६ साली लिअँडर पेसनं टेनिसमध्ये मिळवलं. इंग्रजीत खाशाबांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हटलं गेलं. खिशात मावेल एवढा, आणि आत वीज. आपण त्याचं मराठी करायच्याही भानगडीत पडलो नाही, कारण आपल्याकडे म्हण तयार होती.

माझं म्हणणं असं की ही म्हण खाशाबांच्या कारकिर्दीला लावली की ती शब्दाशब्दाला चुकते. ती कौतुक करते आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ती बरंच काही झाकते. म्हणून तिचा एकेक शब्द सुटा करून बघू.

मूर्ती

मूर्ती म्हणजे जी हलत नाही ती. तिला बसवायचं, हार घालायचा, वर्षातून एकदा आठवायचं. खाशाबांवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा असाच माणूस भेटतो. गरिबी आहे, जिद्द आहे, गहाण टाकलेलं घर आहे, मिरवणुकीतल्या १५१ बैलगाड्या आहेत. फक्त कुस्ती नाही. क्रिकेटपटूवर लिहिताना आपण त्याच्या कव्हर ड्राइव्हवर परिच्छेद खर्च करतो. मल्लावर लिहिताना मात्र त्याचा हुकमी डाव कोणता होता हेही सांगत नाही.

खाशाबांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान आपल्या हाताच्या कैचीत घ्यायची, अंग वळवून त्याच्या अंगाखाली शिरायचं आणि त्याला जमिनीवर आणायचं. हे वाचायला सोपं वाटतं. पण यात जोरापेक्षा वेळ महत्त्वाची असते. समोरच्याचा तोल पुढं आला तो क्षण पकडता आला तर त्याचंच वजन त्याला खाली नेतं. तो क्षण हुकला तर आपली पाठ त्याच्या ताब्यात जाते. आणि इथं ठेंगणेपण आड येत नाही, उलट उपयोगी पडतं. ज्याची कंबर मुळातच खाली आहे त्याला दुसऱ्याच्या कंबरेखाली शिरायला कमी वाकावं लागतं. म्हणजे ज्याला आपण ‘लहान असूनही’ म्हणतो, ते बऱ्याचदा ‘लहान होता म्हणून’ असतं.

दुसरी गोष्ट मातीची. आपल्याकडची कुस्ती तांबड्या मातीतली. माती पाय धरून ठेवते, कुस्ती लांबते, आणि निकाल म्हणजे चितपट. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तिथं घड्याळ असतं, गुण असतात, पाय वेगळे पडतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा गादीवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीला नवखे होते. तरी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले आणि सहावे आले. तो गट होता ५२ किलोचा. चार वर्षांनी हेलसिंकीत ते उतरले ५७ किलोच्या गटात. म्हणजे ज्याला आपण कायम लहान म्हणून रंगवतो तो मल्ल या चार वर्षांत एक वजनगट वर चढला होता, आणि एक नवी कुस्तीही शिकला होता. मूर्ती अशी शिकत नसते.

लहान

लहान, पण कुणापेक्षा?

खाशाबांची उंची पाच फूट पाच इंच सांगितली जाते. म्हणजे १६५ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांची सरासरी उंची आजही याच आकड्याच्या आसपास आहे. तेव्हा १९२६ साली जन्मलेला हा माणूस त्याच्या पिढीत बुटका नव्हताच. तो चारचौघांसारखा होता.

मग हेलसिंकीत लहान होता का? तिथं फ्रीस्टाइल कुस्तीचे आठ वजनगट होते. ५२ किलोपासून सुरू होऊन ८७ च्या वरपर्यंत. खाशाबा ज्यांच्याशी लढले ते सगळे ५७ किलोंच्या आतले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्टो, जर्मनीचा श्मिट्झ, यांना त्यांनी हरवलं. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव यांच्याकडून ते हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेकोवला रौप्य. या सगळ्यांमध्ये कुणी राक्षस नव्हता. वजनगट ही कल्पनाच मुळी त्यासाठी आहे : तुझी मूर्ती केवढी हा प्रश्न वजनकाट्यावर मिटवायचा, आणि गादीवर फक्त कुस्ती राहू द्यायची.

खाशाबा लहान ठरतात ते आपल्या डोळ्यांत, कारण आपले डोळे जत्रेतल्या दंगलीनं घडवलेले आहेत. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माती काळी, कापसाची. कुस्तीची तांबडी परंपरा तिकडं कोल्हापूर-साताऱ्याकडची. तरी जत्रेत दंगल आमच्याकडेही होते, आणि तिचा क्रम सगळीकडे सारखाच असतो. सुरुवातीला पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर किंवा नारळावर. मग जोडी वाढत जातात तसं इनाम वाढत जातं. सूर्य कलला की शेवटची कुस्ती, सर्वांत जाड मल्लांची, सर्वांत मोठ्या रकमेची. हलगी तेव्हा खरी तापते. गंमत अशी की जोड लावताना पंच दोघांना शेजारी उभं करून नजरेनं जोखतात, बरोबरीचे आहेत का ते बघतात. वजनगटाची समज आपल्या मातीत होतीच. पण मान कुणाला द्यायचा हे मात्र आपण अंगावरून ठरवलं.

तेच पुढं किताबांत आलं. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. राज्य स्पर्धेत हलक्या वजनांचे गट असतात, त्यांना पदकंही मिळतात. पण चांदीची गदा, मिरवणूक, पेपरातला पहिल्या पानावरचा फोटो हे सगळं महाराष्ट्र केसरीच्या गटाला, आणि तो गट ८६ ते १२५ किलोंचा. म्हणजे खाशाबा आज असते, हेलसिंकीतल्या वजनाचे, तर महाराष्ट्र केसरीच्या लढतीत त्यांना उभंही राहता आलं नसतं.

आता याच्या शेजारी भारताची ऑलिंपिकमधली कुस्तीची पदकं ठेवा. खाशाबा ५७ किलो. सुशील कुमार दोन वेळा, ६६ किलो. योगेश्वर दत्त ६०. साक्षी मलिक ५८. रवी दहिया ५७. बजरंग पुनिया ६५. अमन सेहरावत ५७. यात ६६ च्या वरचं एकही नाव नाही. आठ पदकांपैकी तीन तर नेमकी खाशाबांच्या वजनाची. आपल्या बीडचा राहुल आवारे २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण जिंकला तेही ५७ किलोतच. जगाच्या गादीवर आपल्याला ज्या अंगांनी पदकं दिली, त्याच अंगांना आपण घरी ‘लहान’ म्हणतो. ही मोजपट्टीतली चूक आहे, अंगातली नाही.

इथं कुणी म्हणेल, ठीक आहे, कुस्तीत वजनगट आहेत. जिथं ते नाहीत तिथं काय? तर त्यासाठी जरा लांबचं उदाहरण घेतो. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला १८ खेळाडू. पायानं लांब मारलेला चेंडू उंच उडी घेऊन झेलणं हा त्या खेळाचा देखणा भाग. मधोमध दोन-दोन मीटर उंचीचे गडी पंचानं उडवलेल्या चेंडूसाठी झेपावतात. अशा खेळात टोनी लिबराटोरे नावाचा १६३ सेंटिमीटरचा गडी फुट्सक्रे संघाकडून खेळायचा. आपल्या खाशाबांपेक्षाही दोन सेंटिमीटर कमी. तो अंडर-१९ च्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरला, राखीव संघांच्या स्पर्धेत दोन वेळा सर्वोत्तम ठरला, तरी पहिल्या संघात पाय रोवायला त्याला वेळ लागला. मग १९९० साली त्यानं ब्राउनलो पदक मिळवलं. हे पदक मोसमातल्या सर्वोत्तम आणि स्वच्छ खेळणाऱ्याला, सामन्याचे पंच मतं देऊन ठरवतात.

लिबराटोरेनं उंच उडीची बरोबरी करायचा प्रयत्न केला नाही. प्रत्येक उंच चेंडू कधीतरी खाली येतो, आणि दोन उंच माणसं हवेत एकमेकांवर आदळली की तो हमखास जमिनीवर सांडतो. जमिनीवरच्या चेंडूपर्यंत आधी पोचायचं, आणि समोरच्याच्या हातात चेंडू गेलाच तर कंबरेला मिठी मारून त्याला पाडायचं, हे त्याचं काम. तो त्या खेळाचा अपवाद नव्हता. खेळाचा जो अर्धा भाग उंच माणसांच्या नादात कुणी नीट बघत नव्हतं, तो त्याचा होता. सुनील गावसकरांचंही मला असंच वाटतं. ‘लिटल मास्टर’ म्हणून आपण मोकळे होतो, पण वेस्ट इंडीजविरुद्धची त्यांची १३ कसोटी शतकं हेल्मेटशिवायच्या त्या काळात नजरेनं आणि पायांनी काढलेली आहेत. उसळत्या चेंडूखाली वाकायला ठेंगण्या माणसाला कमी खाली जावं लागतं, हे त्यातलं साधं गणित.

पण

आता म्हणीतला सर्वांत लबाड शब्द. अडीच अक्षरांचाही नाही, पण सगळी कारागिरी त्याचीच.

‘मूर्ती लहान’ आणि ‘कीर्ती महान’ या दोन गोष्टींमध्ये ‘पण’ टाकला की अडथळा कोणता होता ते आपोआप ठरतं : माणसाचं अंग. त्यानं स्वतःच्या शरीरावर मात केली. गोष्ट संपली, टाळ्या.

खाशाबांच्या वाटेत प्रत्यक्षात काय काय आलं ते मोजून बघा. लंडनला जायला पैसे नव्हते, ते कोल्हापूरच्या महाराजांनी दिले. हेलसिंकीच्या वेळी निवडीतच डावललं गेल्याची त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांपर्यंत ती गेली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती त्यांनी जिंकली. निवड झाली तर पुन्हा पैशांचा प्रश्न. गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर लगेच मामेदबेकोवसमोर उभं राहायला सांगितलं गेलं. नियमानं मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. ते पंचांना सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेला माणूस पुन्हा गादीवर गेला आणि हरला.

या यादीत उंची कुठं आहे? पैसा आहे, निवड आहे, गादी आहे, गैरहजर अधिकारी आहे. एकच गोष्ट उंचीशी जुळते. खाशाबांची कुडी बघून कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घ्यायला नकार दिला, आणि प्राचार्यांनी परवानगी दिल्यावर त्यांनी ती स्पर्धा मारली, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी धरली तरी तिथंही अडथळा खाशाबांच्या अंगाचा नाही, शिक्षकांच्या नजरेचा आहे.

‘पण’ हा शब्द आरोपी बदलतो. जे व्यवस्थेच्या नावावर लिहायला हवं ते तो माणसाच्या हाडांच्या नावावर लिहितो. आणि तेही कौतुकाच्या सुरात, त्यामुळे कुणाला राग येत नाही.

मला हे टोचतं त्याचं कारण जुन्या मल्लांत नाही, आजच्या पोरांत आहे. यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर पहाटे जा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पळत असतात. दारव्हा, आर्णी, घाटंजी अशा तालुक्यांतून येऊन खोली करून राहिलेली. घरी कोरडवाहू कापूस, आणि भरती हे पक्क्या पगाराचं जवळजवळ एकच दार. त्या दाराची पुरुषांसाठीची उंची आहे १६५ सेंटिमीटर. म्हणजे नेमकी खाशाबांची. स्वतः खाशाबा १९५५ साली मुंबई पोलिसात उपनिरीक्षक म्हणून लागले होते, हा योगायोग त्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

१६४ भरणारी मुलं मी तिथं बघितली आहेत. ती दांड्याला लोंबकळतात, पावडरी खातात, एकमेकांना भिंतीला टेकवून टेपनं मोजतात. “भाऊ, सकाळीच मोजा लागते, संध्याकाळी कमी भरते,” असं एकानं मला सांगितलं होतं. त्याचं खरं आहे, दिवसभरात पाठीचा कणा दबतो आणि माणूस सेंटिमीटरभर आखूड होतो. या मुलांना ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ म्हणून दाखवा. त्यांना त्यातून एवढंच ऐकू येतं की तुझ्यात खोट आहे आणि ती जिद्दीनं भरून काढ. जिद्दीनं हाड वाढत नाही. नियम बदलावा की नाही हा वेगळा वाद आहे, त्याच्या दोन्ही बाजू असतील. पण एक सेंटिमीटर कमी असणं हा स्वभावाचा दोष असल्यासारखं बोलायचं काहीच कारण नाही.

कीर्ती महान

उरलेला अर्धा भागही तपासू. कीर्ती महान झाली का?

पदक मिळालं २३ जुलै १९५२ ला. दुसऱ्याच दिवशी भारतानं हॉकीचं सुवर्ण जिंकलं. गावानं मात्र कसूर केली नाही, १५१ बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. पुढं खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकरांचं कर्ज फेडायला पैसा उभा केला. ऑलिंपिकचं पदक जिंकून आलेला माणूस त्याच पदकाच्या प्रवासखर्चासाठी पुन्हा मातीत उतरला, हे वाक्य मी कितीदा वाचलं तरी मला नीट पचत नाही. पोलिसातली बढती संथ होती. निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, राज्याचा छत्रपती पुरस्कारही मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव मिळालं २०१० साली. आपण ज्याला ‘महान कीर्ती’ म्हणतो ती बव्हंशी हयात नसलेल्या माणसाची आहे. म्हण हा उशीर पुसून टाकते. पदक आणि कीर्ती जणू एकाच दिवशी, एकाच बैलगाडीतून आली.

आणि आणखी एक नाव. त्याच हेलसिंकीत, ६२ किलोच्या गटात, केशव माणगावे नावाचा महाराष्ट्राचाच मल्ल चौथा आला. पदक एका पायरीनं हुकलं. एकाच ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राचे दोन मल्ल पहिल्या चारांत होते! हे चमत्कारानं होत नाही. त्यामागं तालमी असतात, वस्ताद असतात, खुराकाची सोय करणारा कुणी असतो. पण माणगावेंसाठी आपल्याकडे म्हण नाही, त्यामुळे आठवणही नाही. चमत्काराच्या गोष्टीत एकच नायक मावतो. दुसरा आला की गोष्ट चमत्काराची राहत नाही, ती एका परंपरेची होते. आणि मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही : ही परंपरा गादीपर्यंत नेण्यासाठी आपण काय केलं?

नागराज मंजुळे यांनी खाशाबांवर चित्रपट जाहीर केला तेव्हापासून माझी एकच अपेक्षा आहे. त्यात ढाक दिसावी. मान कशी धरली, कंबर कुठं गेली, समोरचा कुठल्या क्षणी पुढं झुकला, हे दिसावं. आणि ती रिकामी खुर्ची दिसावी, जिथं अर्धा तास मागून घेणारा अधिकारी बसायला हवा होता.

तोपर्यंत तुमच्या-माझ्या हातात स्टेटस आहे. पुढच्या १५ जानेवारीला खाशाबांबद्दल काही टाकणार असाल, किंवा धाकट्या भावाला भाषण लिहून देणार असाल, तर उंची लिहू नका. वजन लिहा, ५७ किलो. डाव लिहा, ढाक. खर्डेकरांचं नाव लिहा, माणगावेंचं लिहा. आणि कुठं ‘पण’ लिहावासा वाटलाच तर तो असा लिहा : पदक जिंकलं, पण अर्जुन पुरस्कार बघायला माणूस उरला नव्हता.